दोघांची चाकोरी

बैलगाडी ज्या वाटेने वर्षानुवर्षे जाते, त्या वाटेवर चाकांच्या दोन खोल रेघा उमटतात. त्यांना आपण चाकोरी म्हणतो. गावात नवी गाडी बनवायची झाली तर सुतार तिच्या दोन चाकांमधले अंतर जुन्या गाड्यांइतकेच धरी. एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर अशी गाडी चालणार कशी? म्हणजे गाडी कशी असावी हे वाट ठरवत असे. पुढे 'चाकोरीबाहेरचा' हा शब्द आपण कौतुकाने वापरू लागलो आणि सुताराचे हे साधे शहाणपण मागे पडले. आज वाहन घेताना आपण किंमत पाहतो, इंजिन पाहतो, रंगावर घरात तासभर चर्चा करतो. रुंदी किती, आणि ज्या वाटेने जायचे तिची रुंदी किती, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

या लेखात मी फक्त रुंदीचाच विचार करणार आहे. प्रश्न असा आहे: दोन प्रौढ माणसांना शेजारी-शेजारी बसून, मोटारींच्या रस्त्यावर न जाता, सायकलमार्गांनी आणि रानवाटांनी हिंडायचे असेल, तर नेदरलँड्समध्ये कोणते वाहन घ्यावे?

प्रश्न आमच्या घरी उद्भवला तो हौसेपोटी नव्हे. बुइटनव्हेल्डर्टमध्ये आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. या देशात आल्यावर सौ. चाळिशीच्या उंबरठ्यावर सायकल शिकली आणि मग तिने मागे वळून पाहिले नाही. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. झटका सौम्य होता, बोलणे शाबूत राहिले, पण आवाज बारीक झाला, डावी बाजू अशक्त झाली आणि तोल गेला तो गेलाच. पाय चालवायला फिजिओथेरपिस्टची ना नव्हती, उलट आग्रहच होता. दुचाकीवर बसायला मात्र सक्त मनाई. मी तिला मोटारीतून बोसमध्ये नेऊन आणायचो. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही मला फिरवता. मला फिरायचं आहे." मराठी व्याकरणातला प्रयोजक क्रियापदाचा धडा इतक्या स्पष्टपणे मला शाळेतही कुणी शिकवला नव्हता. त्या दिवशी मी टेप काढली.

आपल्या मंडळातले पुष्कळ जण आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत. काहींचे आईवडील उन्हाळ्यात तीन महिने राहायला येतात आणि गुडघ्यांमुळे घरात बसून काढतात. तेव्हा ही शोधाशोध इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटले.

आधी वाट पाहावी

बुइटनव्हेल्डर्ट हा भाग कालव्यांच्या जुन्या ॲमस्टरडॅमसारखा नाही. कॉर्नेलिस व्हॅन एस्टेरन यांच्या १९३० च्या दशकातल्या नगरविस्तार आराखड्याचा हा दक्षिणेकडचा तुकडा. तो प्रत्यक्षात बांधला गेला तो १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे. रस्ते ऐसपैस, मध्ये हिरवळ, बहुतेक मोठ्या रस्त्यांना वेगळा सायकलमार्ग. खाइस्ब्रेख्ट व्हॅन आम्स्टेलपार्क हा लांबट बगीचा वस्तीच्या मधूनच जातो. पश्चिमेला आम्स्टेलवेन्सेवेख हा रस्ता ओलांडला की ॲमस्टरडॅमसे बोस सुरू होते. १९३४ पासून बेकारांच्या हातांना काम देऊन मुद्दाम उभे केलेले हे सुमारे हजार हेक्टरांचे रान. त्यात डांबरी सायकलमार्ग आहेत, बारीक खडीच्या वाटा आहेत आणि पावसात चिखल होणाऱ्या मातीच्या वाटाही आहेत.

पुण्यातल्या बोळात वाढलेल्या माणसाला हे सगळे मैदानासारखे वाटते. परंतु रुंदी मोजायची असते ती वाटेच्या सर्वांत अरुंद जागी. सायकलमार्गावर मोटारी शिरू नयेत म्हणून मध्यभागी खांब रोवलेले असतात. छोट्या पुलांना कठडे असतात. काही वाटांच्या तोंडाशी गुरे किंवा मोटारसायकली अडवणारी नागमोडी फाटके असतात. तीन मीटर रुंद सायकलमार्गावर एका ठिकाणी जरी मधला खांब आला तरी तुमच्यासाठी तो मार्ग दीड मीटरचाच, किंबहुना त्याहून कमीच.

मी एक काम केले, ते सुचवतो. एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीची बांबूची काठी कापली. वाहनाची रुंदी एक मीटर दहा धरली आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर मोकळे. ती काठी आडवी धरून घरापासून बोसपर्यंत चालत गेलो. लोक पाहत होते. एका आजीबाईंनी तर विचारलेच की हे कुठले भारतीय व्रत आहे का. पण त्या दीड तासात मला जे कळले ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हते. नेहमीच्या वाटेवर एके ठिकाणी काठी अडली. तिथून दोनशे मीटर वळसा घेतला तर मोकळा मार्ग होता.

कायद्यातले तीन आकडे

डच वाहतूक नियमांत आपल्या कामाचे तीन आकडे आहेत: ७५, ११० आणि १५०, सगळे सेंटिमीटरमध्ये.

पहिला ७५. दोन चाकांची सायकल याहून रुंद असू नये. तीन-चार चाकांची सायकल किंवा मागे गाडी जोडलेली सायकल सामानासकट ७५ सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल, तर तिला सायकलमार्गाऐवजी मुख्य रस्त्याने जाण्याची मुभा आहे. सक्ती नव्हे, मुभा. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडते.

दुसरा १५०. दोनपेक्षा अधिक चाकांच्या सायकलीची ही कमाल रुंदी. पायडल मारल्यावरच मदत करणारी, ताशी २५ किलोमीटरला थांबणारी आणि २५० वॅटपर्यंतची विजेची मोटार लावली तरी कायद्याच्या लेखी ती सायकलच राहते.

तिसरा ११०. अपंगांसाठी बनवलेल्या वाहनाची ही कमाल रुंदी. डच भाषेत त्याला जो शब्द आहे तो उच्चारून होईपर्यंत सिग्नल हिरव्याचा लाल होतो, म्हणून इथे देत नाही. या वाहनाला मोटार असू शकते, पण बनावटीनेच त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. अशा वाहनाला रस्ता, सायकलमार्ग, पदपथ सगळे खुले आहे. मात्र जागेनुसार वेग बदलतो: रस्त्यावर ४५, सायकलमार्गावर वस्तीत ३० आणि वस्तीबाहेर ४०, आणि पदपथावर फक्त ६, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. चालक परवाना लागत नाही. विमा मात्र लागतो.

११० हाच आकडा का, याचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाचे खांदे अंगातल्या कोटासह साधारण अर्धा मीटर जागा घेतात. दोघांचे झाले एक मीटर. दोन बाजूंचे पत्रे धरले की एक मीटर दहा. त्याहून कमी रुंदीत दोन माणसे शेजारी बसवायची तर ती नवविवाहितच हवीत.

अमेरिकेतले पन्नास इंच

तिकडे अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या थाटात सुटलेला आहे. तिथल्या सरकारी जंगलांतल्या अनेक वाटांवर ५० इंचांपेक्षा, म्हणजे १२७ सेंटिमीटरपेक्षा रुंद वाहनाला बंदी असते. मर्यादा घालण्याचे कारण सरळ आहे. रुंद वाहन आले की कडेची झुडपे मोडतात, वाट पसरते आणि दहा वर्षांत पाऊलवाटेचा गाडीरस्ता होतो. मूळची रानातली वाहने घोड्यावर बसल्यासारखी एकट्याने चालवायची होती, त्यामुळे ती या मापात सहज बसत. मग लोकांना शेजारी बसणारे माणूस हवेसे झाले. पोलारिस कंपनीने २००७ साली 'रेझर' नावाची दोन आसनी गाडी काढली ती नेमकी ५० इंचांची. वाटेच्या पाटीवरचा आकडा आधी आणि गाडी नंतर.

पुढे लोकांना जास्त वेग आणि जास्त स्थैर्य हवे झाले, तेव्हा ६०, ६४, ७२ इंचांच्या गाड्या निघाल्या. त्या वाळवंटात उत्तम, पण पन्नास इंची वाटेच्या तोंडाशी त्यांना परत फिरावे लागते. तिकडे राहणारे आपले भाचे-पुतणे अशी गाडी घ्यायच्या विचारात असतील तर त्यांनाही सुताराचाच नियम लागू: आधी आपल्या नेहमीच्या वाटांच्या पाट्या वाचा, मग दुकानात जा.

कांता

नेदरलँड्समध्ये ११० सेंटिमीटरच्या नियमातून जन्मलेली गाडी म्हणजे कांता. नाव ऐकून सौ. हसली. म्हणाली, "म्हणजे आता घरात दुसरी कांता आणणार?" वाइएनबर्ग या डच कंपनीने डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाच्या साहाय्याने ही गाडी १९९५ मध्ये आणली. बंद काचांची, दोन आसनांची, बहुधा लाल रंगाची, खेळण्यातली वाटावी अशी. रुंदी बरोबर एक मीटर दहा. व्हीलचेअरसकट मागून आत शिरता यावे असाही तिचा एक प्रकार निघाला. ॲमस्टरडॅमकरांचा या गाडीवर इतका जीव की २०१२ साली डच नॅशनल बॅलेने कांता गाड्यांना सोबत घेऊन नृत्याचा कार्यक्रमही केला.

कांताचे गुण खरे आहेत. पाऊस लागत नाही, हिवाळ्यातही निघता येते, थेट दुकानाच्या दारापर्यंत जाता येते. ज्यांचे पाय पूर्णपणे थकले आहेत किंवा ज्यांना व्हीलचेअर सुटत नाही, त्यांच्यासाठी या देशाने केलेली ही मोठी सोय आहे.

पण आमचा प्रश्न 'फिरवणे' आणि 'फिरणे' यांतला होता. कांतात सौ. पुन्हा माझ्या शेजारी नुसती बसणार होती. शिवाय पेट्रोलची कांता असेल तर तिच्या आवाजात सौ.चे बारीक बोलणे मला ऐकू येणार नव्हते. बंद मोटारीसारखे वाहन रानातल्या सायकलमार्गावर आणले की चालणारे-पळणारे लोक कितीही सभ्य असले तरी दचकतात, हेही एक. असो.

डुओफीट्स आणि इतर

दोन सायकली शेजारी जोडाव्यात तसे एक वाहन इथे मिळते. त्याला डुओफीट्स म्हणतात. व्हॅन राम ही डच कंपनी अशा सायकली बनवते. सर्रास आढळणारी रचना म्हणजे पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये पाठ टेकायच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी, दोघांपुढे पायडल, आणि सुकाणू व ब्रेक एकाच्याच हाती. दुसऱ्याच्या पायडलची सोय अशी ठेवता येते की त्याने मारले तर मारले, थांबला तर थांबला. काही नमुन्यांत खुर्ची बाहेरच्या बाजूला वळते, त्यामुळे अशक्त माणसाला बसणे-उतरणे सोपे जाते. विजेची मदत असतेच. रुंदी मीटरभर किंवा किंचित अधिक.

इतर पर्यायही पाहिले. एकामागे एक बसायची टँडेम अरुंद असते, ७५ सेंटिमीटरांत सहज मावते. पण मागच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, बोलणे वाऱ्यावर जाते, आणि थांबताना दोघांनाही तोल लागतो. तोच तर नव्हता. स्कूटमोबील हे एकट्याचे वाहन. मी सायकलवर आणि ती स्कूटमोबीलवर असे जाता आले असते, पण तिथेही पाय स्वस्थच. ब्रोममोबील नावाच्या छोट्या मोटारी हल्ली शहरभर दिसतात. त्या कांताच्या बहिणी वाटल्या तरी त्यांचे गोत्र वेगळे. त्यांना परवाना लागतो, चालकाचे वय किमान १६ लागते आणि त्यांनी मोटारींच्याच रस्त्याने जायचे असते. सायकलमार्ग त्यांना बंद. बाहेरून दिसणाऱ्या आकारावर फसू नये. विकत घेण्यापूर्वी कागदावर हे वाहन कुठल्या वर्गात मोडते ते वाचावे.

न आकसणारी रुंदी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कायद्याने १५० सेंटिमीटरपर्यंत परवानगी दिली म्हणजे प्रश्न मिटला का?

इथे दोन सायकलस्वारांनी शेजारी-शेजारी जाण्यास कायद्याची पूर्ण मुभा आहे. पुण्यात आमच्या लहानपणी सायकलवर डबलसीट पकडले की पोलीस दंड करी. त्या संस्कारात वाढलेल्या मला इथे सुरुवातीला या जोड्या पाहून हेवा वाटे. दोन सायकली शेजारी म्हणजे दीड मीटर. डुओफीट्स त्यापेक्षा अरुंदच. मग लोकांना अडचण कुणाची व्हावी? दोघा मित्रांची की डुओफीट्सची?

उत्तर डुओफीट्सची. कारण मागून घंटी वाजली की ते दोघे मित्र एकामागे एक होतात. त्यांची दीड मीटरची रुंदी क्षणात पाऊण मीटर होते. डुओफीट्सची रुंदी आकसत नाही. वाहनाच्या रुंदीपेक्षा त्या रुंदीला आवरता येते की नाही, हे सायकलमार्गावर अधिक महत्त्वाचे ठरते.

थोडे गणित करू. सायकलमार्ग एकेरी आणि दोन मीटरचा आहे. आपले वाहन ११० सेंटिमीटरचे. उजव्या कडेपासून २५ सेंटिमीटर सुटतात. डावीकडे उरले ६५. नुसते सायकलचे हँडल साधारण तेवढे असते, म्हणजे मागच्याला पुढे जाता येत नाही. तुमच्या मागे ॲमस्टरडॅमच्या सकाळी आठची वरात लागणार. मार्ग अडीच मीटरचा असेल तर उरतात ११५ सेंटिमीटर. एकेरी मार्गावर हे पुरेसे आहे. पण तोच अडीच मीटरचा मार्ग दुहेरी असेल आणि समोरून सायकल आली, तर तिचे ७५ आणि तिच्या कडेचे २५ वजा जाता तुमच्या दोघांमध्ये राहतात १५ सेंटिमीटर. कोपराला कोपर लागायचे. साडेतीन मीटरच्या दुहेरी मार्गावर मात्र समोरून दुसरी डुओफीट्स आली तरी दोघांमध्ये ऐंशी सेंटिमीटर मोकळे राहतात. हा साडेतीनचा आकडा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

यावरून आम्ही आमच्या वाटांचे तीन भाग केले. रुंद मार्गांवर केव्हाही जायचे. मध्यम मार्गांवर शाळा-कचेऱ्यांच्या वेळा टाळून जायचे. अरुंद मार्ग असेल आणि शेजारी शांत रस्ता असेल, तर ७५ सेंटिमीटरच्या नियमाने दिलेली मुभा घेऊन रस्त्याने जायचे. डिसेंबर २०२३ पासून ॲमस्टरडॅमच्या बहुतेक रस्त्यांवर मोटारींची वेगमर्यादा ताशी ३० झाली, त्यामुळे हा तिसरा पर्याय पूर्वीइतका भीतिदायक राहिला नाही. तरी ज्या मोठ्या रस्त्यावर मोटारी वेगाने जातात तिथे मुभा असली तरी ती घेऊ नये.

वळणावरचे भान

अरुंद वाहनात दोन माणसे उंचावर बसवली की ते कलंडण्याचा धोका वाढतो. मी इंजिनियर असल्याने हे आकड्यांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, वाचकांनी क्षमा करावी.

चार चाकांच्या वाहनात दोन चाकांमधले अंतर एक मीटर असेल, तर निम्मे झाले ५० सेंटिमीटर. माणसांसकट गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच धरला तर गुणोत्तर येते सुमारे ०.८३. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर असे वाहन ताशी २३ किलोमीटरच्या सुमारास आतले चाक उचलेल. आता तीन चाकांचे वाहन घ्या, पुढे एकच चाक असलेले. कलंडण्याची रेषा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत तिरकी जाते. त्यामुळे वजन जितके पुढे, तितका आधार कमी. वजन मागच्या आसापासून एक तृतीयांश अंतरावर असेल, तर ५० चे राहतात साधारण ३३ सेंटिमीटर, गुणोत्तर ०.५५, आणि तेच चाक ताशी १९ च्या आतच उचलते.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक वाहनाचे वेगळे असतील. घ्यायचा बोध असा: खुर्च्या खाली आणि मागच्या आसाजवळ असलेले वाहन निवडावे, आणि वळणावर वेग ताशी दहाच्या आत आणावा. उताराच्या शेवटी वळण असेल तर ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नव्हे. खडीच्या वाटेवर तर हे दुप्पट पाळावे. दोघांच्या वजनात बराच फरक असेल तर जड बाजूला वळताना आणि हलक्या बाजूला वळताना वाहन वेगळे वागते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस मोकळ्या जागेत दोन्हीकडे वळून पाहावे. टायर थोडे रुंद घ्यावेत. विटांच्या रस्त्यावर पाठीला आराम पडतो आणि ओल्या मातीत चाक रुतत नाही.

घराच्या दाराची रुंदी

वाट मोजली, वाहन मोजले, आणि मग लक्षात येते की घरात ठेवणार कुठे? बुइटनव्हेल्डर्टमधल्या आमच्यासारख्या फ्लॅटना तळमजल्यावर सामानाच्या खोल्या असतात. आमच्या खोलीचे दार ८४ सेंटिमीटरचे निघाले. आत जाणारा बोळ त्याहून थोडा मोठा, पण शेवटी काटकोनात वळतो. म्हणजे डुओफीट्स आत जाणे शक्यच नाही.

तेव्हा उघड्यावर झाकण घालून ठेवायचे ठरले, आणि त्यासाठी घरमालकांच्या संघाची परवानगी लागली. अर्ज करताना जागेचा नकाशा जोडला, जिन्याच्या आणि आगीच्या वाटेला अडथळा होत नाही हे दाखवले, आणि विजेची बॅटरी काढून घरातच चार्ज होईल असे लिहून दिले. परवानगी मिळाली. तुम्हालाही हा उपद्व्याप करावा लागेल, तर वाहन विकत घेण्याआधी करावा. पदपथावर उभे करायचे असेल तर व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाईल इतकी जागा सोडावी. आपली सोय दुसऱ्या अशक्त माणसाच्या वाटेवर उभी राहू नये.

पैसा आणि आधार

विजेची मदत असलेली नवी डुओफीट्स पाच आकडी युरोंत जाते. हे ऐकून आपल्यातले पुष्कळ जण इथेच पान उलटतील, म्हणून तीन गोष्टी सांगतो.

एक, वापरलेल्या डुओफीट्स विकत मिळतात. वृद्धाश्रम आणि संस्था नवी घेताना जुन्या काढतात. बॅटरीचे वय मात्र आधी विचारावे. दोन, फीट्समाट्येस नावाची स्वयंसेवकांची चळवळ अनेक गावांत आहे. तिथे एक धडधाकट माणूस आणि एक अशक्त माणूस डुओफीट्सवर जोडीने फिरतात. विकत घेण्याआधी अनुभव घ्यायला किंवा न घेताच फिरायला हा उत्तम मार्ग. तीन, सामाजिक साहाय्याच्या कायद्याखाली, ज्याला इथे सगळे 'डब्ल्यूएमओ' म्हणतात, नगरपालिका गरज तपासून स्कूटमोबील किंवा तत्सम वाहन वापरायला देऊ शकते. तपासणीला येणाऱ्या व्यक्तीसमोर आपण भारतीय माणसे सवयीने "तसं सगळं ठीक आहे हो" म्हणतो. कृपा करून तसे म्हणू नका. जिना चढताना किती वेळ लागतो, पाय कुठे लटपटतो, आठवड्यातून किती दिवस घराबाहेर पडणे होत नाही, हे सांगा. ती भीक नव्हे. आयुष्यभर भरलेल्या करांतून उभी राहिलेली ती व्यवस्था आहे.

विम्याचे थोडक्यात: मोटारीवर चालणाऱ्या अपंगांच्या वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. पायडल मारून चालणाऱ्या डुओफीट्सला तशी सक्ती नाही, पण घरातला दायित्वाचा विमा चालू आहे ना, आणि तो अशा सायकलीला लागू आहे ना, हे पत्र लिहून विचारून घ्यावे. उत्तरही लेखीच मागावे.

आमचा निर्णय

आम्ही वापरलेली डुओफीट्स घेतली. एप्रिल ते ऑक्टोबर ती चालते. हिवाळ्यात आणि पावसात ट्राम आहेच. सुकाणू माझ्याकडे, आणि घंटी सौ.च्या उजव्या हाताशी बसवून घेतली आहे. घंटी वाजवण्याचा अधिकार तिने ताबडतोब पूर्णपणे ताब्यात घेतला. पहिल्या आठवड्यात ती दोन मिनिटे पायडल मारी आणि थांबे. आता अर्धा तास मारते. डावा पाय अजून मागे पडतो, पण पडतो तो तिच्या स्वतःच्या चालीने. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, आज आईला कुठे नेलंत?" तेव्हा फोन हिसकावून सौ. सांगते, "नेलं नाही, आम्ही गेलो."

मागे रांग लागली की आम्ही पुढच्या मोकळ्या जागी बाजूला थांबतो, पाच-दहा सायकली जाऊ देतो आणि मग निघतो. हा काही कायदा नाही. पण आपल्या वाहनाची रुंदी आकसत नाही तेव्हा आपला वेळ आकसून द्यावा, एवढी देवघेव मला रास्त वाटते. आजवर कुणी रागावून गेले नाही. बहुतेक जण हात करतात, काही जण "किती छान!" म्हणतात, आणि हल्लीच्या जाड टायरांच्या विजेच्या सायकलींवरची मुले मात्र काही न म्हणता सुसाट जातात.

ज्यांना असे वाहन घ्यायचे आहे त्यांनी क्रम असा ठेवावा: प्रथम वाटेची सर्वांत अरुंद जागा मोजावी, मग घराचे दार, मग कागदावरचा वर्ग, मग वळणावरचे स्थैर्य, आणि किंमत व रंग सर्वांत शेवटी. या सगळ्याच्याही आधी ज्या माणसासाठी वाहन घ्यायचे त्याला विचारावे की तुला नेमके काय हवे आहे. पाऊस न लागणे हवे असेल तर उत्तर एक येईल, दुकानापर्यंत एकट्याने जाणे हवे असेल तर दुसरे, आणि पाय चालवायचे असतील तर तिसरे. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

बांबूची काठी अजून आमच्या सामानाच्या खोलीत आहे. ज्यांना आपली वाट मोजून पाहायची असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला सांगावे, मी ती घेऊन येईन. लांबी एक मीटर चाळीस. ट्राममध्ये उभी धरली की मावते.